उजनीची पातळी उतरते तेव्हा मासळीवर आणि काठावर होणारा परिणाम मोजायचा कसा?

काठावरचा

नमस्कार मंडळी. भीमेवरच्या उजनी धरणाच्या फुगवट्यातल्या एका मच्छीमार सहकारी संस्थेसाठी पाहणीचा आराखडा करायचा आहे. उन्हाळी आवर्तन (शेतीसाठी ठरावीक दिवस सोडलेलं पाणी) सुटलं की काठ झपाट्याने मागे हटतो, आणि मासळी घटण्याचं मोठं कारण हेच आहे असं संस्थेचं म्हणणं आहे. पातळीचे रोजचे आकडे मिळतात, पण त्यांची मासळीशी सांगड कशी घालायची ते ठरत नाही. आवर्तनं ठरवणाऱ्या कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठेवता येईल असं काही हाती हवं आहे. धरणाच्या टक्केवारीवरून सुरुवात करावी का? २०२३-२४ मध्ये धरण साठ टक्क्यांच्या आसपासच भरलं आणि जूनमध्ये उणे साठच्या घरात, म्हणजे उपयुक्त साठा संपून मृत साठ्यात गेलं. ते वर्ष तुलनेला धरावं का?

पातळीमापक

टक्केवारी सोडा, मीटरमध्ये मोजा. उजनीची पूर्ण संचय पातळी ४९६.८३ मीटर आणि मृत साठ्याची ४९१.०३. म्हणजे ५३.५७ टीएमसीचा, अर्थात १५१७ दलघमीचा (दशलक्ष घनमीटर), सगळा उपयुक्त साठा अवघ्या ५.८ मीटरच्या थरात आहे. १५१७ दलघमीला ५.८ ने भागलं तर सरासरी २६० चौरस किलोमीटरचा पसारा येतो. इतक्या पसरट जलाशयात पातळी थोडी हलली तरी काठ लांबवर हलतो. काठाचा उतार १०० ला १ असेल आणि पाणी दिवसाला ५ सेंटीमीटर उतरत असेल तर काठ रोज ५ मीटर मागे जातो. उतार ३०० ला १ असेल तर १५ मीटर.

समितीला एक गोष्ट जरूर दाखवा. २६० चौरस किलोमीटरवर ५ सेंटीमीटर म्हणजे १३ दलघमी, साधारण ०.४६ टीएमसी. धरण उण्यात गेलं की पसारा आकसलेला असतो, त्यामुळे तेवढाच विसर्ग पातळी जास्त वेगाने खाली ओढतो. ऑक्टोबरात सोडलेला एक टीएमसी आणि मे महिन्यात सोडलेला एक टीएमसी काठाच्या दृष्टीने सारखे नाहीत.

आता कामाची पद्धत. जलसंपदा विभागाकडून पातळी, क्षेत्र आणि साठा यांचा तक्ता मागा, पण तो गाळ सर्वेक्षणानंतरचा सुधारित हवा. जुन्या तक्त्यात गाळाने भरलेला उथळ भागही खोल दिसतो आणि नेमका तोच भाग तुमच्या कामाचा. उपग्रहाच्या मदतीने अशी गाळ सर्वेक्षणं नाशिकची मेरी संस्था करते. पडताळ्यासाठी सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं घ्या: १० मीटरचा ठिपका, दर पाच दिवसांनी, फुकट. प्रत्येक चित्रातली पाण्याची कड ही त्या दिवसाच्या पातळीची समपातळी रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेषा. ऑक्टोबर ते जूनमधली दहा-बारा निरभ्र चित्रं एकावर एक ठेवली की उघड्या पडणाऱ्या पट्ट्याचा नकाशा तयार होतो. पावसाळ्यात ढगांमुळे सेंटिनेल-१ उपग्रहाचं रडार वापरावं लागतं.

दोन जागी हमखास चूक होते. जलपर्णीचा थर उपग्रहाला हिरवळ वाटतो, म्हणून पाणी कमी मोजलं जातं. ओला चिखल उलट पाण्यासारखा दिसतो, म्हणून ते जास्त मोजलं जातं. काठावर चारपाच ठिकाणी चालत जाऊन जीपीएसने कड नोंदवा आणि चित्राशी ताडून पाहा.

जलजीव अभ्यासक

वरच्या प्रतिसादात जोड देतो. उघडी पडलेली जमीन किती, एवढ्यावर थांबू नका. माशांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो उजेड तळापर्यंत पोचणारा उथळ पट्टा. तिथेच शेवाळ, पाणवनस्पती, किडे, आणि तिथेच पिल्लं. सेकी तबकडी म्हणजे २० सेंटीमीटर व्यासाची काळीपांढरी तबकडी. ती दोरीने खाली सोडायची, दिसेनाशी झाली की खोली वाचायची. त्या खोलीच्या साधारण अडीच पट खोलीपर्यंत उजेड कामापुरता पोचतो. तबकडी ६० सेंटीमीटरला गडप झाली तर पट्टा दीड मीटर खोलीपर्यंतचा. मग तक्त्यातून आजच्या पातळीचं क्षेत्र वजा दीड मीटर खालच्या पातळीचं क्षेत्र काढा. हा आकडा दर पंधरवड्याला काढला की खरा आलेख मिळतो.

कधी कधी पातळी उतरूनही या पट्ट्याचं क्षेत्र फारसं घटत नाही, आणि मग अहवालात 'परिणाम नगण्य' असं लिहिलं जातं. ते चूक आहे. पट्टा खाली सरकलेला असतो, पण नव्या जागी वनस्पती नसते. वाऱ्याने तळचा चिखल ढवळला जातो, पाणी गढूळ होतं, सेकी वाचन घटतं आणि पट्टा आणखी अरुंद होतो. म्हणून क्षेत्राच्या जोडीला तळाचा प्रकार नोंदवा: गवत, पाणवनस्पती, गोटे, वाळू, मऊ गाळ. दर १० मीटरवर एक नोंद पुरे.

मासा निवडताना खूप विचार करा. कटला, रोहू, मृगळ हे प्रामुख्याने सोडलेल्या बीजातून येतात, शिवाय त्यांना अंडी घालायला वाहतं पाणी लागतं. त्यांची संख्या बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) किती सोडली त्यावर हलेल, काठावर नव्हे. तुम्हाला हवेत काठाशी विणारे मासे. चिलापी उथळ तळावर बशीसारखे खड्डे करते. शिंगट्याचे खड्डेही उथळातच. मरळ वनस्पतींच्या आडोशाला घरटं करून राखण करतो. पाणी हटल्यावर चिलापीचे खड्डे उघड्या गाळावर रांगेने दिसतात. त्यांचा व्यास मोजा आणि ते आजच्या कडेपासून किती उंचीवर आहेत ते पारदर्शक नळीच्या लेव्हलने काढा. उंचीवरून आणि पातळीच्या नोंदीवरून ती जागा कोणत्या तारखेला उघडी पडली ते कळतं. मात्र कोरडा खड्डा म्हणजे मेलेली अंडी असं धरू नका. चिलापीची मादी अंडी तोंडात सांभाळते. नुकसान होतं ते पिल्लांना उथळ आडोसा न उरल्याने.

वडाप विरोधी

जाळ्याबद्दल. पाणी आटलं की मासा एकवटतो आणि जाळ्यात जास्त लागतो. एप्रिल-मेमधली भरघोस मासळी पाहून साठा वाढला असं समजू नका. समजा पसारा २६० वरून १३० चौरस किलोमीटरवर आला आणि एका जाळ्याला रात्रीत २ किलोऐवजी ३ किलो मिळू लागले. क्षेत्राने गुणा: ५२० चे ३९० झाले, म्हणजे साठा चौथाईने घटलेला आहे. हा हिशेब ढोबळ आहे, पण न गुणता काढलेला निष्कर्ष सरळ उलटा येतो.

जाळी ठरलेलीच वापरा: तीच लांबी, त्याच आसांचा (जाळ्याच्या भोकांचा) संच, संध्याकाळी लावून सकाळी काढायची. संस्थेच्या काट्यावरची आवक चालेल, पण तिच्यासोबत किती होड्या आणि किती जाळी पाण्यात होती तेही रोज लिहिलं गेलं पाहिजे. वडाप (बारीक आसाच्या जाळ्याची मासेमारी) चालू असलेल्या भागातली पिल्लं मोजून धरणाच्या पातळीला दोष देऊ नका. तिथे ते जाळं पिल्लं आधीच ओरबाडून नेतं. अशा जागा वेगळ्या नोंदवा, नाहीतर समितीत पहिला प्रश्न यावरच येईल आणि तो रास्त असेल.

आणखी एक: मागे राहिलेली डबकी. काठ हटताना जुन्या ओढ्यांच्या आणि खाणींच्या खड्ड्यांत पिल्लं अडकतात. डबकं सुटलं ती तारीख, लांबी-रुंदी-खोली, आणि पहाटेचा विरघळलेला प्राणवायू लिहा. दुपारचं मोजमाप फसवतं, कारण शेवाळ तेव्हा प्राणवायू सोडत असतं. पहाटे लिटरला ३ मिलिग्रॅमच्या खाली गेलं की धोका.

काठावरचा

खूप उपयोगी. दोन शंका. पिल्लं मोजायला ओढजाळं पुरेल का? आणि गाळपेर जमिनीचं काय? उघड्या पट्ट्यात पिकं घेतली जातात, ती काठाच्या नुकसानीत धरायची का?

जलजीव अभ्यासक

ओढजाळं १० मीटर लांब, दीड मीटर उंच, ५-६ मिलिमीटर आसाचं घ्या. अडचण अशी की भरल्या धरणात ते गवतात अडकतं आणि उन्हाळ्यात शिशाची दोरी गाळात रुतते. दोन्ही हंगामांत जाळ्याची पकड वेगळी, त्यामुळे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. त्यापेक्षा एक चौरस मीटरची बिनतळाची लोखंडी चौकट गुडघाभर पाण्यात झटक्यात टाका आणि आतलं सगळं हातजाळीने उपसा. सलग तीन वेळा जाळी रिकामी आली की थांबा. प्रत्येक ठिकाणी दहा चौकटी. ठिकाणं किमान सहा: दोन वरच्या फुगवट्यात, दोन मध्यावर, दोन भिंतीकडे, आणि प्रत्येक जोडीत एक सपाट काठ, एक तीव्र उताराचा. वरच्या टोकाला भीमेतून पुणे-पिंपरीचं सांडपाणी येतं. तिथला परिणाम पातळीच्या खात्यावर जाऊ नये म्हणून ही विभागणी.

थोडी पिल्लं अल्कोहोलमध्ये ठेवा. फॉर्मॅलिन नको, त्यात कानातला खडा, म्हणजे ओटोलिथ, विरघळतो. त्यावरची रोजची वलयं मोजली की पिल्लाच्या जन्माचा आठवडा ठरतो. मग तो आठवडा पातळीच्या आलेखावर ठेवून पाहता येतं की झपाट्याने उतरणाऱ्या दिवसांतली पिल्लं टिकली का. तुमच्या मागणीला एवढा थेट पुरावा दुसरा नाही.

पातळीमापक

गाळपेर सरसकट नुकसानीत टाकू नये असं माझं मत. जून-जुलैत पाणी परत चढतं तेव्हा बुडालेलं गवत आणि धसकटं पिल्लांना आडोसा देतात, कुजताना किड्यांना अन्न पुरवतात. नांगरून मोकळी ठेवलेली जमीन बुडाली तर नुसता गढूळपणा. खतं आणि कीटकनाशकं वापरलेली शेतं वेगळ्या रंगात दाखवा. पाणी चढल्यावर पंधरा दिवसांनी गवत, धसकटं आणि नांगरट अशा तिन्हींवर चौकटी टाका. फरक दिसला तर 'कडेचा पट्टा न नांगरता ठेवा' ही मागणी आवर्तनाच्या वादाशिवायही मान्य होऊ शकते.

२०२३-२४ जरूर धरा, पण एकटं नको. त्या वर्षी धरण मुळातच कमी भरलं होतं, त्यामुळे कमी भरण्याचा आणि वेगाने उतरण्याचा परिणाम वेगळा करता येत नाही. २०२४ च्या पावसाळ्यात धरण पूर्ण भरलं, म्हणून २०२४-२५ ची आवक जोडीला घ्या. समितीपुढे मागणी पाण्याच्या एकूण वाट्यावर ठेवू नका, वेगावर ठेवा: ओटोलिथवरून विणीचे जे आठवडे निघतील त्यांत पातळी दिवसाला अमुक सेंटीमीटरपेक्षा जास्त उतरू नये, तेच आवर्तन थोडे अधिक दिवस चालवावं. तो 'अमुक' आकडा तुमच्या चौकटींतूनच यायला हवा.