शॉपमध्ये पोराला फिट आली, सगळ्यांना ट्रेनिंग द्यायचंय, कसं करावं?

कुपवाडचा_सुपरवायझर:
नमस्कार मंडळी. कुपवाड एमआयडीसीत मशीन शॉपला आहे. मागच्या गुरुवारी सेकंड शिफ्टला लेथजवळ एक पोरगं, वय असेल 23-24, एकदम ताठ झालं, कोसळलं, हातपाय झाडायला लागलं, तोंडाला फेस. मग जो गोंधळ उडाला, एकजण नाकाला चप्पल लावतोय, एकजण कँटीनमधनं कांदा आणायला पळाला, दोघांनी हात दाबून धरले आणि एकानं दातखीळ उघडायला स्टीलचा चमचा तोंडात घातला. दोन मिनिटांत फिट आपोआप थांबली, पण ओठ फाटला आणि पुढचा दात हलतोय. आजारानं केलं नाही तेवढं आम्ही केलं, हे अजून मनातनं जात नाही. शुद्धीवर आल्यावर पोरगं पहिलं काय बोललं तर "सर, कामावरनं काढू नका." दोन वर्षं गोळ्या चालू होत्या, भीतीनं सांगितलं नव्हतं.
ट्रेनिंग कोण देतं, किती वेळ लागतो, आणि त्याचं नाव न येता कसं घ्यायचं?

मिरजेची_सिस्टर:
दादा, तासाभराचं काम आहे पण नुसतं भाषण ठेवू नका. एकाला फरशीवर झोपवा आणि प्रत्येकाकडनं करून घ्या: आजूबाजूचं लोखंड, स्टूल बाजूला करा, डोक्याखाली ॲप्रनची घडी, गळ्याचं बटण सैल, झटके ओसरले की कुशीवर वळवा म्हणजे लाळ बाहेर येते. आणि पहिल्या सेकंदाला कुणीतरी घड्याळ बघायचं, हे लोक हमखास विसरतात. 5 मिनिटांच्या वर गेलं, किंवा शुद्धीवर यायच्या आत दुसरी आली, किंवा आयुष्यातली पहिलीच फिट असेल, मार लागला असेल तर लगेच 108. जीभ गिळली जात नाही हो, त्यामुळं तोंडात काही म्हणजे काहीच घालायचं नाही, नीट शुद्ध येईपर्यंत पाणीसुद्धा नाही. हातपाय धरायचे नाहीत. फिटनंतर माणूस थोडा वेळ गोंधळलेला असतो, जवळ बसून राहा.
अजून एक, सगळ्या फिटमध्ये माणूस पडत नाही. कुणी मधेच टक लावून बसतो, शर्टाचं बटण चाळत राहतो, हाक मारली तर ओ देत नाही. त्याला कामचुकार म्हणतात, ते ट्रेनिंगमध्ये जरूर सांगा.

अजिंक्यताऱ्याच्या_पायथ्याशी:
मला 11 वर्षं अपस्मार आहे, साताऱ्यात अकाउंट्सला काम करते. आधीच्या ऑफिसात फिट आली तेव्हा शुद्धीवर येऊन बघते तर चार मोबाईल माझ्यावर रोखलेले, शूटिंग चालू. पडण्यापेक्षा ते जास्त लागलं. म्हणून ट्रेनिंगमध्ये एक वाक्य हवंच, फोन फक्त 108 ला आणि वेळ बघायला. आताच्या ठिकाणी शेजारच्या दोघींना मी स्वतः सांगितलंय, गोळ्या कुठल्या कप्प्यात आहेत हेही, आणि खरं सांगते, तेव्हापासून मी निवांत काम करते. गोळी चुकली आणि झोप मोडली की मला त्रास होतो, तर त्या पोराला नाईट शिफ्ट झेपते का हे त्याच्या डॉक्टरांना विचारा, पण त्याच्याशी बोलून, परस्पर नाही. लग्न रद्द ठरवायच्या कारणांतनं मिरगी 1999 ला कायद्यानं काढली, तरी स्थळ बघताना लोक अजून लपवतात, तिथं नोकरीत कोण सांगेल?

सातारा_सेफ्टी:
नावाचा प्रश्न असा सोडवा, की ट्रेनिंग नुसतं फिटचं ठेवू नका, करंट लागणं, भाजणं, छातीत दुखणं सगळं एकत्र घ्या, म्हणजे कुणाकडं बोट जात नाही. रेड क्रॉस किंवा सेंट जॉन ॲम्ब्युलन्सकडं विचारा, प्रथमोपचाराचं ट्रेनिंग देतात. तिन्ही शिफ्टला वेगवेगळं घ्या. आणि चालू मशीनपाशी कुणी पडला तर आधी इमर्जन्सी स्टॉप दाबायचा, हे भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा. त्या मुलाला उंचीवर, भट्टीजवळ, एकट्याला ठेवू नका, इन्स्पेक्शन टेबलला घ्या, पगार तोच ठेवून. 17 नोव्हेंबरला राष्ट्रीय अपस्मार दिन असतो पण त्याची वाट बघू नका, पुढच्याच आठवड्यात उरका.

कुपवाडचा_सुपरवायझर:
सगळ्यांचे मनापासून आभार. मालकांशी बोललो, पोरगं सोमवारपासून इन्स्पेक्शनला, पगारात फरक नाही. दाताचा खर्च कंपनी देणार. शनिवारी पहिलं ट्रेनिंग ठेवलंय. चमचा घातलेला माणूस काल स्वतः येऊन म्हणाला, फरशीवर झोपायला मी येतो.