संगणक सुरू होत नाही म्हटलं की 'फॉरमॅट मारा' सांगणाऱ्यांसाठी

गोदाकाठ:
काल एकाने विचारलं होतं, "बटण दाबलं की पंखा फिरतो, मग काळ्या पडद्यावर बूट डिव्हाइस सापडत नाही असं येतं. काय करू?" त्यावर सातपूरकरांचं उत्तर: "विंडोज उडालंय. पेनड्राइव्ह लावा, फॉरमॅट मारा, तासाभरात मोकळे व्हा." खाली धडाधड अंगठे. फॉरमॅट म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकणं.

याच सल्ल्याने आमच्या आण्णांचे शेवटच्या तीन वर्षांतले फोटो गेले. एका दुकानात संगणक नेला, तिथल्या मुलाने कॅबिनेट न उघडता फॉरमॅट केलं. आठ दिवसांनी गावाहून आलो, प्लग लावला, पुन्हा तोच काळा पडदा. तेव्हा बायोस (विंडोजच्या आधी चालणारा, मदरबोर्डवरचा प्रोग्राम) उघडलं, तर तारीख १ जानेवारी २०१२! मदरबोर्डवरचा गोल सेल, सीआर२०३२, संपला होता. तो संपला की प्लग काढल्यावर बायोसची सेटिंग्ज मूळपदावर जातात. आमचं विंडोज लेगसी, म्हणजे जुन्या पद्धतीने टाकलेलं, आणि बायोस यूईएफआय या नव्या पद्धतीवर जाऊन बसायचं, मग विंडोज सापडायचंच नाही. डिस्क ठणठणीत होती. चाळीस रुपयांच्या सेलपायी फोटो गेले.

आधी बायोसमध्ये डिस्कचं नाव दिसतंय का ते पाहा. दिसत असेल तर तारीख आणि बूटचा क्रम (आधी कुठल्या डिस्कवरून सुरू व्हायचं तो) तपासा. नसेल तर साटा केबल (डिस्क मदरबोर्डला जोडणारी) काढून पुन्हा बसवा. फॉरमॅट शेवटी, तेही डिस्क दुसऱ्या संगणकाला लावून फाइली काढून घेतल्यावर.

सातपूरकर:
माझं नाव घेतलंत म्हणून लिहितो. चौदा वर्षं हेच काम करतोय. गिऱ्हाईक येतं ते "संध्याकाळपर्यंत पाहिजे" म्हणत. बॅकअप घेऊ का विचारलं तर "काही नाही हो त्यात". आणि रात्री नऊला फोन, "टॅलीचा डेटा कुठंय?" तीन वर्षांचे फोटो एकाच डिस्कवर ठेवले, तो दोषही आमचाच का? अपडेट चालू असताना लाइट गेली की विंडोज बिघडतंच, हे रोज बघतो.

इंदिरानगरवाली:
लाइटचं नाव काढलंत ते बरं केलंत. पावसाळ्यात आमच्याकडे दिवसातून चार वेळा जाते. घरात इन्व्हर्टर आहे, तरी संगणक दरवेळी बंद पडून पुन्हा सुरू होतो.

सिडकोकर:
इन्व्हर्टरला मागे यूपीएस मोडचं बटण असेल तर ते दाबा. साध्या मोडमध्ये बॅटरीवर जायला जो क्षण लागतो त्यात पंखा फिरत राहतो, संगणक दम सोडतो. पण खरं दुखणं अर्थिंगचं. किती घरांत तिसरी पिन नुसती शोभेची आहे! कॅबिनेटला टेस्टर लावून बघा.

पंचवटीकर:
आमच्या वाड्यात लावला, पेटला. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या यायच्या. दोन वर्षं सगळे सांगत होते एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा आतला डबा) बदला. बदललाही. मुंग्या येणं थांबलं नाही.

सिडकोकर:
थांबणार कसं? अर्थिंग नसेल तर एसएमपीएसच्या आतल्या फिल्टरमुळे कॅबिनेटवर निम्म्या व्होल्टेजच्या आसपास वीज तरंगत राहते. नवा एसएमपीएसही तेच करणार. अर्थिंगचा कोळसा-मिठाचा खड्डा असेल तर उन्हाळ्यात त्यात पाणी घालता का?

पंचवटीकर:
खड्डा होता. त्यावर मालकाने फरशी घातली. तीनदा सांगितलं, चौथ्यांदा भांडलो, तेव्हा कुठे दुसरा खणला.

गोदाकाठ:
अर्थिंगसाठी वेगळा धागा काढा, मी येईन. इथे विषय फॉरमॅटचा आहे. सातपूरकर, बॅकअप नव्हता ही चूक माझी, मान्य. पण झाकण न उघडता फॉरमॅट करणं ही कारागिरी नव्हे. आणि एसएसडीवर (चिपवाल्या नव्या डिस्कवर) फॉरमॅट केलं की ट्रिममुळे, म्हणजे पुसलेली जागा डिस्क स्वतःच रिकामी करते त्यामुळे, फाइली परत मिळण्याची आशा जवळजवळ संपतेच.

सातपूरकर:
कारागिरी मला शिकवू नका. जिथे फक्त विंडोज बिघडलंय तिथे फॉरमॅटच लवकर होतं, यावर मी ठाम आहे. पण काल डिस्क दिसते का, हे आधी विचारायला हवं होतं. तेवढं चुकलं.

कालचा प्रश्नकर्ता:
सगळं वाचलं. बायोसमध्ये डिस्क दिसत नव्हती. केबल बदलली, एकदा दिसली, पुन्हा गेली. कान लावला तर आतून टक... टक... टक असा आवाज येतोय. अजून दोन-तीनदा सुरू करून बघू का? मुलीचा प्रोजेक्ट त्यात आहे.

सातपूरकर:
नाही! आत्ताच्या आत्ता बंद करा, प्लग काढा. ही डिस्कच निकामी होतेय. दरवेळी सुरू कराल तसं आतलं जास्त खरवडलं जाण्याची भीती असते. फॉरमॅट नको, चेकडिस्क (विंडोजचा डिस्क तपासायचा प्रोग्राम) नको, कुणी सांगितलं म्हणून फ्रीजमध्येही ठेवू नका. डिस्क काढून कापडात गुंडाळा आणि फक्त डेटा काढण्याचं काम करतात त्यांच्याकडेच न्या. माझ्याकडेही आणू नका, माझ्याकडे ती साधनं नाहीत.