फूड स्टॅम्पची कपात: राज्यांनी पदरमोड करावी का?

एडिसनकर: २०२५च्या नोव्हेंबरात अमेरिकेचं सरकार ठप्प होतं आणि स्नॅपचे, म्हणजे फूड स्टॅम्पचे (गरिबांना किराण्यासाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीचे), पैसे कार्डावर वेळेवर आलेच नाहीत. ४ कोटी २० लाख लोकांना ही मदत मिळते, माणशी महिन्याला सरासरी १८७ डॉलर. मी आमच्याकडच्या, न्यू जर्सीतल्या फूड पँट्रीत (गरजूंना फुकट किराणा देणाऱ्या केंद्रात) खोकी उचलायला जातो. त्या आठवड्यात रांग पार्किंगच्या बाहेर गेली होती. एका गुजराती आजोबांनी पास्त्याची पाकिटं परत ठेवली आणि तूरडाळ आहे का विचारलं. नव्हती. डबाबंद राजमा घेऊन गेले.

तेव्हा राज्यं धावली. व्हर्जिनियाने आपल्या तिजोरीतून दर आठवड्याला पैसे टाकले, व्हरमाँटने पंधरा दिवसांची सोय केली, कॅलिफोर्नियाने फूड बँकांत नॅशनल गार्डचे (राखीव सैन्याचे) जवान लावले. पण ती आणीबाणी होती. खरी कपात ४ जुलै २०२५च्या कायद्यात आहे. कार्यालयीन खर्चातला राज्यांचा वाटा ऑक्टोबर २०२६पासून ५०चा ७५ टक्के, आणि ऑक्टोबर २०२७पासून खुद्द मदतीतलेही १५ टक्क्यांपर्यंत राज्याने भरायचे. माझं मत: कर वाढवा, पण भरा.

हिशेबनीस: कर वाढवा म्हणे! न्यू जर्सीत राहून हे बोलताय? प्रॉपर्टी टॅक्सचं बिल बघा एकदा. आजवर मदतीचा पैसा वॉशिंग्टनचा आणि वाटप राज्यांचं. दुसऱ्याच्या पैशावर कोण डोळ्यांत तेल घालून बसतो? २०२४च्या आर्थिक वर्षात चुकीच्या वाटपाचं प्रमाण १०.९३ टक्के निघालं. राज्याचा वाटा आता या चुकीवरच ठरणार. चूक ६ टक्क्यांच्या आत ठेवणाऱ्या राज्याला मदतीतला एक छदामही भरायचा नाही. मग सुधारा की चूक!

खिडकी नंबर चार: काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कार्यालयात मी हेच अर्ज तपासते, म्हणून राहवलं नाही. ही चूक म्हणजे चोरी नव्हे हो. कमी पैसे गेले तरी चूकच धरतात. गोदामातल्या बाईला एका महिन्यात आठवड्याला २२ तास काम, पुढच्या महिन्यात ३८. कुठली पगारपत्रकं धरायची इथेच गोची. घरभाडं मी चुकीच्या रकान्यात टाकलं की झाली चूक. आता ६४ वयापर्यंतच्यांना आणि १४ वर्षं किंवा त्याहून मोठ्या मुलांच्या आईबापांनाही महिन्याला ८० तास कामाचा पुरावा लागतो. कागद वाढले आणि कार्यालयाचा खर्च राज्यावर ढकलला. आता कार्यालयातली माणसं वाढतील की घटतील?

हिशेबनीस: ताई, मुद्दा अर्धा मान्य. पण लुईझियाना बघा. नोव्हेंबरात तिथेही राज्याने पैसे दिले, मात्र म्हातारे, अपंग आणि मुलं असलेल्या घरांनाच. धडधाकट एकट्यांना नाही. पैसा तोकडा असला की निवड करावी लागते.

पेठेतला: इकडून, महाराष्ट्रातून सांगतो. रेशनचं धान्य केंद्राचं, ते चालू आहे. राज्याची १० रुपयांची शिवभोजन थाळी २०२०मध्ये वाजतगाजत आली, पुढे चालवणाऱ्यांची बिलं थकली. राज्याच्या भरवशावर ताट मांडलं की हेच.

खिडकी नंबर चार: आणि दंडाची तऱ्हा ऐका. चूक साडेतेरा टक्क्यांच्या आसपास किंवा वर गेलेल्या राज्यांना हा वाटा भरण्यातून दोन वर्षांपर्यंत सूट मिळू शकते! अलास्काची सुमारे २५ टक्के होती. ७ टक्केवाल्याने मात्र ठरल्या दिवसापासून भरायचं. वर्गात शेवटच्या आलेल्याची फी माफ.

हिशेबनीस: हे मात्र अचाट आहे. याचं समर्थन मी करणार नाही.

एडिसनकर: न्यू जर्सी आधीच पदरमोड करतं, हे इथे कुणी बोललं नाही. केंद्राची किमान मदत महिन्याला पंचवीस डॉलरच्याही आत. राज्य स्वतःची भर घालून ती ९५ डॉलर करतं. ते राजमावाले आजोबा त्याच ९५वर आहेत. हिशेबनीस, तुमच्या निवडीत ते बसतात ना?

हिशेबनीस: आजोबा बसतात. प्रॉपर्टी टॅक्सचं बोला.