अर्जात साहित्य, कला, क्रीडा, समाजसेवा. मग संशोधन कुठल्या रकान्यात?

टिळकवाडीची लेक:
आमच्याकडच्या एका वाचनालयानं जीवनगौरवासाठी नावं मागवलीत. मी माझ्या कॉलेजातल्या बाईंचं नाव द्यायचं ठरवलं. त्या बालविकास शिकवायच्या आणि सुट्टीच्या दिवशी बस पकडून बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातली खेडी फिरायच्या. तीन-चार वर्षांची पोरं कुठल्या वस्तूला मराठी शब्द वापरतात, कुठल्या वस्तूला कन्नड, याच्या वह्याच्या वह्या त्यांनी भरल्यात. अर्जात वरचे चारच रकाने. मी समाजसेवेवर खूण केली आणि तेव्हापासून टोचतंय.

हे काम कशाला लागतं ते सांगते. माझ्या भाच्याला एकदा तपासणीला नेलं होतं. चित्र दाखवलं, पोरगं म्हणालं ‘मांजर’. तपासणाऱ्याला कन्नड ‘बेक्कु’ हवं होतं. गुण शून्य. अशी पाच-सात चित्रं झाली आणि कागदावर आलं, मूल मागे आहे. घरी तेच पोरगं आजीला मोबाइल लावून द्यायचं.

आणि गंमत अशी, की ही अडचण आपल्याच भागात नव्वद वर्षांपूर्वी एकानं ओळखली होती. व्ही. व्ही. कामतांनी 1934 च्या सुमारास फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिने यांची बुद्धिचाचणी इकडच्या मुलांसाठी बसवली ती कन्नड आणि मराठी दोन्ही भाषांत. तिला मुंबई-कर्नाटक आवृत्ती म्हणत, कारण तेव्हा धारवाड, बेळगाव मुंबई इलाख्यात होतं. आज ‘बिने-कामत’ म्हणून देशभर ओळखतात. बेळगावात कामतांच्या नावाचा चौक सोडा, साधी पाटी तरी बघितलीय कुणी?

निपाणीचा अण्णा:
ताई, राग मानू नका. आमच्या गावात तंबाखूच्या वखारीतल्या बायकांवर, विडीवाल्यांच्या पोरांवर किती जण लिहून गेले याची गणती नाही. येऊलालेत, फॉर्म भरूलालेत, चहा पिऊन जाऊलालेत. माझ्या आईनं तीनदा तीच उत्तरं दिली. पुढं काय झालं ते कळलं नाही. लिहिणारा प्रोफेसर झाला असेल, आई खोकतच राहिली. गौरव करायचा तर आईचा करा की!

रानवाटा_खानापूर:
अण्णांना शंभर टक्के पाठिंबा. ज्या अंगणवाडीच्या बाई पंधरा रजिस्टरं सांभाळून वजनं घेतात, त्यांचंच आकडेवारीचं पीक दुसरे कापून नेतात.

सिस्टरबाई:
मी उपकेंद्रात काम केलंय, त्यामुळे अण्णांचं सगळं म्हणणं गळी उतरत नाही. बाळंतपणानंतर जास्त रक्तस्राव होऊ नये म्हणून द्यायची मिसोप्रोस्टॉलची गोळी घ्या. तिची चाचणी बेळगाव जिल्ह्यातल्याच खेड्यांत झाली, 1,620 बायका, आणि गोळी दिली ती नर्सबायांनी, डॉक्टरांनी नव्हे. नुसत्या दिसायला तशाच, औषध नसलेल्या गोळीवर 12 टक्के बायकांना जास्त रक्तस्राव झाला, खऱ्या गोळीवर 6.4 टक्के. 2006 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं या कामासाठी ती अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. कुठल्या कुठल्या देशातल्या बायका वाचतायत, आणि माप घेतलं गेलं आपल्या बायकांच्या अंगाखाली अंथरलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत. फॉर्म भरणारे सगळेच चहा पिऊन जात नाहीत.

निपाणीचा अण्णा:
सिस्टर, ते औषध झालं. औषधाला पैसा येतो, नाव येतं. प्रश्न पोरांच्या बोलण्याच्या वह्यांचा चाललाय. त्या वह्यांनी कुणाचं काय वाचलं?

सिस्टरबाई:
मग पोरांचंच सांगते. जन्मताना श्वास न घेतल्यामुळं ज्यांना जागवावं लागलं अशा बाळांवर एक अभ्यास झाला. त्यात बेळगावकडची खेडी होती, पाकिस्तान होतं, झांबिया होतं. दर पंधरा दिवसांनी एक बाई घरी जाऊन आईला बाळाशी खेळायला, बोलायला शिकवायची, तीन वर्षं पुरी होईपर्यंत. ज्या घरी हे खेळ शिकवले ती मुलं पुढं निघाली. वाडग्यात खडे टाक, काढ, असले खेळ. यात औषध नव्हतं.

शंकासुर:
कामतांबद्दल एवढं भरून येऊ नये. 1934 च्या मुलांवर बसवलेलं माप 2020 नंतरच्या मुलाला लावून अजून दाखले देतात, हे कौतुकाचं आहे का शरमेचं? मूळ लेखिकेचा भाचा अशाच कुठल्यातरी शिळ्या फूटपट्टीखाली सापडला असेल. संशोधकांचा सत्कार करण्याआधी त्यांना विचारा, नव्वद वर्षं काय करत होता?

टिळकवाडीची लेक:
शंकासुर, नेमकं तिथंच बोट ठेवलंत. जुनं माप नवं करायला हजारो मुलं परत तपासावी लागतात, गावोगाव, दोन-दोन भाषांत. त्यात वर्षं जातात आणि हाती येते एक पेटी आणि एक पुस्तिका. बढतीच्या अर्जात तिची किंमत काय? दोन महिन्यांत उरकलेल्या निबंधाएवढीसुद्धा नाही. मग करेल कोण?

जे करतात त्यांची नावं बघा. प्रमिला फाटकांनी बडोद्यात तान्ह्या मुलांच्या वाढीचं माप बसवलं, 1997 मध्ये ते सुधारून आलं. 67 बाबी हालचालीच्या, 163 मनाच्या, बौद्धिक वाढीच्या. कमी वजनाच्या बाळाला आज तज्ज्ञाकडं नेलंत तर बऱ्याचदा हीच पट्टी लागते. मराठी आडनाव आहे, मराठी माणसाला माहीत नाही.

मास्तर_येळ्ळूर:
पण ताई, मान मिळाला नाही असं सरसकट कसं? ताराबाई मोडकांना 1962 मध्ये पद्मभूषण, अनुताई वाघांना 1985 मध्ये पद्मश्री. दोघींची बोर्डी-कोसबाडची अंगणवाडी पुढं देशानं उचलली.

टिळकवाडीची लेक:
मास्तर, दोघींचा उल्लेख आपण ‘समाजसेविका’ असाच करतो ना? कोसबाडच्या आदिवासी वाडीत पोरं शाळेत का येत नाहीत हे बघून शाळाच त्यांच्या अंगणात नेणं, हे निरीक्षण आहे, प्रयोग आहे. बाईनं केलं की ते ‘माया’ होतं. माझी चिडचिड त्या रकान्यावर आहे ती यासाठी.

मास्तर_येळ्ळूर:
हं. हे मात्र डोक्यात आलं नव्हतं.

शंकासुर:
मोठ्या बक्षिसांचं तरी काय. विज्ञानाचा भटनागर पुरस्कार 1958 पासून, त्यात सामाजिक शास्त्रांना जागा नव्हती. इन्फोसिस पुरस्कारवाल्यांनी दिली, पण आता वयाची अट चाळीस. तीन वर्षांच्या पोराचं पुढं काय झालं हे कळायला ते पोर तेवीस वर्षांचं व्हावं लागतं, तोवर संशोधक पन्नाशीला. (बघा, मी तुमच्याच बाजूनं बोलायला लागलो.)

निपाणीचा अण्णा:
तुम्ही शिकलेली माणसं एकमेकांचं ऐकताय, बरं आहे. माझं एवढंच, त्या बाईंच्या वह्यांत ज्या पोरांचे शब्द आहेत ती पोरं आता बाप्ये झाली असतील. त्यांना कुणी दाखवल्यात का त्या?

टिळकवाडीची लेक:
नाही अण्णा. बाईंना विचारलं काल. वह्या माळ्यावर आहेत, दोन ट्रंका, एकीला वाळवी लागलीय. त्या म्हणाल्या, “सत्काराची शाल नको, कोणीतरी पोरं पाठव वह्या उतरवून घ्यायला.” दोन-तीन गावांची नावं त्यांना अजून तोंडपाठ आहेत, घरांसकट.

निपाणीचा अण्णा:
रविवारी माझा टेम्पो रिकामा असतो. ट्रंका उतरवायला येतो. पण वह्या आधी त्या गावांत न्यायच्या, मग वाचनालयात. कबूल?

टिळकवाडीची लेक:
कबूल. अर्ज शनिवारी द्यायचाय. समाजसेवेवरची खूण खोडली आणि खाली पेननं पाचवा चौकोन काढलाय. स्वीकारतात का बघू.