थर्मोस्टॅट काढण्याआधी रेडिएटर उघडून बघा

जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी घाटात तापते म्हणून थर्मोस्टॅटच (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकायचा, हा उपाय मला पटत नाही. तो काढला की सकाळी इंजिन लवकर गरम होत नाही, चोक ओढून बसावं लागतं, पेट्रोल फुकट जातं. मूळ दुखणं तसंच राहतं ते वेगळंच.

माझ्या गाडीचं दुखणं रेडिएटरमध्ये निघालं. आधीच्या मालकाने वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलेलं. वरची टाकी उघडली तर निम्म्या नळ्या पांढऱ्या क्षाराने बुजलेल्या! रॉडिंग करून घेतलं, म्हणजे नळ्यांतून सळई फिरवून क्षार काढून घेतला; आता डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं. मे महिन्यात भर दुपारी खंबाटकी घाट चढलो, तापमानाचा काटा मध्यावरून हलला नाही. पंखा आणि वॉटर पंप एकाच पट्ट्यावर फिरतात, तेव्हा फॅन बेल्टचा ताणही अंगठ्याने दाबून बघा.

आणि काटा मध्यावर असूनही गाडी आचके देत बंद पडली, तर बहुतेक पेट्रोलची वाफ झालेली असते. अशा वेळी फ्युएल पंपावर ओलं फडकं टाकून दहा मिनिटं चहा प्यायचा. टॅक्सीवाल्यांचा जुना इलाज आहे. रेडिएटरच्या झाकणाला मात्र इंजिन थंड होईपर्यंत हात लावू नका.