केंटकीची शालेय राज्य स्पर्धा: मानांकन हवं की चिठ्ठ्याच बऱ्या?

सांगलीची_लेक:
मंडळी, अमेरिकेतल्या शालेय बास्केटबॉलशी संबंध असलेलं कोणी इथे असेल तर मत हवंय. मी मूळची सांगलीची, शाळेत असताना स्वतः खेळलेली. आता केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टनजवळ राहते, मुलगी शाळेच्या संघात आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बहुतेक राज्यांत शाळांचे पटसंख्येनुसार गट पाडतात आणि प्रत्येक गटाचा वेगळा विजेता असतो. केंटकीत आजही मुलांचा एकच राज्यविजेता आणि मुलींचा एकच, मग शाळा दोनशे मुलांची असो की दोन हजारांची. 64 जिल्हे, चार जिल्ह्यांचा एक विभाग, असे सोळा विभाग. सोळा विभागविजेते मार्चमध्ये लेक्सिंग्टनच्या रप अरीनात येतात आणि तिथून सरळ बाद पद्धत. याला इथे ‘स्वीट सिक्स्टीन’ म्हणतात. आता मुलींचीही स्पर्धा रपमध्येच होते.

माझा प्रश्न जोड्यांचा आहे. पहिल्या फेरीत कोण कोणाशी खेळणार हे चिठ्ठ्यांवर ठरतं, तेही विभागांच्या नावाने आणि विभागविजेते ठरण्याआधीच. मानांकन, म्हणजे ताकदीनुसार क्रमांक देऊन तगडे संघ वेगळे ठेवणं, अजिबात नाही. मग अख्खा हंगाम ज्यांना सगळे पहिल्या दोनांत धरतात ते संघ पहिल्याच दिवशी समोरासमोर येऊ शकतात. असा एक सामना मी स्टँडमध्ये बसून पाहिला. शेवटचं मिनिट, फरक एका बास्केटचा, आणि फ्री थ्रो रिंगवर दोनदा आपटून बाहेर आला. हरलेल्या संघातल्या बारावीच्या मुली टॉवेलमध्ये तोंड खुपसून बाकावर बसल्या होत्या, त्यांच्या प्रशिक्षकांनाही त्यांना उठवता येईना. त्याच संध्याकाळी एक सामना तीस गुणांनी एकतर्फी झाला.

माझं मत: सोळाच्या सोळा संघांना क्रमांक देऊ नका, पण पहिल्या चौघांना मानांकन देऊन स्पर्धेच्या तक्त्याच्या चार वेगवेगळ्या पावांत (चौथ्या हिश्श्यांत) टाका. बाकीच्या बारांच्या खुशाल चिठ्ठ्या काढा. तुम्हाला काय वाटतं?

लुईव्हिलकर:
ताई, तळमळ समजते, पण मी ठाम विरोधात आहे. पहिले चार ठरवणार कोण? पड्युका राज्याच्या एका टोकाला, पाइकव्हिल दुसऱ्या टोकाला, मध्ये सहाशे किलोमीटरच्या वर अंतर. या दोन भागांतले संघ हंगामात एकमेकांशी क्वचितच खेळतात. लुईव्हिलच्या मोठ्या शाळांना मोठे प्रतिस्पर्धी गावातच मिळतात, त्यामुळे आकडेवारीत त्या कायम वर दिसणार. पूर्वेच्या डोंगराळ भागातला संघ 30 सामने जिंकून आला तरी ‘जिंकले, पण कोणाशी?’ हा प्रश्न त्याच्या मागे लागणार.

2024 ची मुलांची अंतिम फेरी आठवा. लायन काउंटी विरुद्ध हार्लन काउंटी, 67-58. एक पश्चिमेकडचा छोटासा ग्रामीण भाग, दुसरा कोळसा खाणींचा डोंगराळ भाग. लुईव्हिल नाही, लेक्सिंग्टन नाही. आणि 1928 मध्ये कार क्रीक नावाच्या वाडीवजा गावातली पोरं अंतिम फेरीत आली. शाळेला धड इनडोअर कोर्ट नव्हतं. अ‍ॅशलंडशी चार वेळा जादा वेळ खेळून ती 13-11 ने हरली. या पोरांना आधी कोणी क्रमांक दिला असता?

चिठ्ठीत वशिला चालत नाही. मला त्यात खूप मोठी गोष्ट दिसते.

सांगलीची_लेक:
लुईव्हिलकर दादा, कार क्रीकचं उदाहरण मला पटत नाही. जिंकणारा संघ मानांकन नसतानाही जिंकतो, मी त्याचा रस्ता बंद करत नाहीये. मी 1987 आणि 1988 बघते. दोन्ही वर्षी अंतिम फेरीत क्ले काउंटी आणि लुईव्हिलचं बॅलर्ड. पहिल्या वर्षी डोंगराकडची क्ले काउंटी जादा वेळेत 76-73 ने जिंकली. दुसऱ्या वर्षी बॅलर्ड 88-79, आणि हरलेल्या बाजूने रिची फार्मरने एकट्याने 51 गुण केले. लोक आजही त्या सामन्यांबद्दल बोलतात. चिठ्ठी जरा वेगळी निघाली असती तर हेच दोन संघ बुधवारी सकाळी अर्ध्या रिकाम्या खुर्च्यांसमोर खेळले असते.

गणिताचा_मास्तर:
यात हिशेब करता येतो, म्हणून करतो. सोळा संघ, पूर्ण चिठ्ठ्या. सर्वांत तगडे दोन संघ पहिल्याच फेरीत भिडण्याची शक्यता 15 त 1. उपउपांत्य फेरीच्या जागी 15 त 2, उपांत्य फेरीच्या जागी 15 त 4. अंतिम फेरीतच गाठ पडेल अशा बाजूंना ते असण्याची शक्यता 15 त 8. म्हणजे 87-88 सारखं लागोपाठ दोन वर्षं जमायला शंभरात साधारण 28 वेळा नशीब लागतं, तेही दोघांनी वाटेत एकही सामना न हरता.

ताईंच्या चौघांचं बघायचं तर पहिले चार संघ चार वेगळ्या पावांत पडतील असं चिठ्ठ्यांनी शंभरात फक्त 14 वेळा होतं. मानांकन दिलं की शंभरात शंभर. फरक लहान नाही.

पण आकडा एवढंच सांगतो की तगडे संघ वेगळे ठेवणं सोपं आहे. तगडा कोण हे तो सांगत नाही, आणि लुईव्हिलकरांचा मुद्दा तिथेच आहे.

सातारचे_पीटी_सर:
मी शालेय स्पर्धांच्या भाग्यपत्रिका (कोण कोणाशी खेळणार याचे तक्ते) वर्षानुवर्षं काढतोय, म्हणून आपल्याकडचं सांगतो. तालुका, जिल्हा, विभाग, मग राज्य. राज्याला आठ विभाग येतात. आमच्या पोरांसाठी किती पुढे गेलात याला दहावी-बारावीच्या सवलतीच्या क्रीडागुणांचंही वजन असतं. त्यामुळे भाग्यपत्रिका काढताना खोलीत जो तणाव असतो तो मैदानावरही नसतो. कोणाला पुढे चाल (न खेळताच पुढची फेरी) मिळाली की लगेच कुजबूज.

गेल्या वर्षीचे विजेते-उपविजेते तक्त्याच्या वर आणि खाली टाकायचे, म्हणजे ते अंतिम फेरीआधी भिडत नाहीत, ही सोपी पद्धत पुष्कळ ठिकाणी चालते. कबड्डी-खोखोच्या मोठ्या संघांत ती ठीक आहे, कारण खेळाडू तेच राहतात. शाळेत मात्र ती फसते. बारावीची पोरं निघून गेली की त्याच जर्सीत वेगळाच संघ उभा असतो. तेव्हा मॅडम, मानांकन द्यायचंच असेल तर त्याच हंगामाच्या निकालांवर द्या, शाळेच्या नावावर नको.

सांगलीची_लेक:
सर, हे अगदी नेमकं बोललात. इथे अमेरिकन फुटबॉलच्या बाद फेऱ्यांमध्ये राज्य संघटना आरपीआय वापरते: तुमचे विजय, तुमच्या प्रतिस्पर्ध्यांचे विजय आणि त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांचे विजय. तो चालू हंगामाचाच असतो आणि ‘जिंकले, पण कोणाशी?’ याचं निदान अर्धं उत्तर देतो.

दादांची शंका मात्र उरते. डोंगरातले संघ आपसातच खेळत राहिले तर आरपीआयलाही ते नीट दिसणार नाहीत. म्हणून मी चारवरून दोनवर येते. पहिल्या दोघांना वर-खाली टाका, चौदांच्या चिठ्ठ्या काढा. तिसरा-चौथा कोण यावर खरं भांडण होतं. पहिल्या दोघांबद्दल मार्चपर्यंत बहुतेकांचं एकमत झालेलं असतं.

एक व्यावहारिक अडचण आहे, तिचं उत्तर हवंय. आज जोड्या आधीच ठरतात, म्हणून आपल्या विभागाचा सामना कोणत्या दिवशी, किती वाजता हे आधी कळतं. पाइकव्हिलकडच्या पालकांना रजा टाकायला आणि हॉटेल बघायला वेळ मिळतो. मानांकन द्यायचं तर विभागीय अंतिम सामने संपेपर्यंत थांबावं लागेल. लुईव्हिलकर दादा, तुमच्या ओळखीत तिकडचे पालक असतील तर त्यांना विचाराल का, चार दिवस आधी कळलं तर त्यांना चालेल का?

लुईव्हिलकर:
विचारतो. माझं मत अजून चिठ्ठीच्याच बाजूने आहे, पण चारपेक्षा दोन मला कमी खुपतात. हार्लनकडचे एक सहकारी आहेत, मुलगा खेळतो त्यांचा. सोमवारी भेटले की त्यांचं म्हणणं इथे लिहितो.