मदत हवी आहे: भाच्याचा सायकल अपघात. चालकाच्या तब्येतीचा मुद्दा तपासात कसा आणायचा?

कळवेकर

नमस्कार मंडळी. थेट मुद्द्यावर येतो.

माझा १७ वर्षांचा भाचा नवी मुंबईत पाम बीच रोडवर गाडीच्या धडकेत गेला. ज्युनियर गटात रेसिंग करायचा, पुण्यात बालेवाडीच्या वेलोड्रोमवर (सायकल शर्यतीचा ट्रॅक) राज्यस्तरीय शर्यतीत उतरला होता. कळव्याहून पहाटे निघायचं, ठाणे-बेलापूर रोडने खाली जायचं, किल्ला जंक्शनला वळसा घालून पाम बीचने वाशीकडून परत, हा त्याचा सुट्टीच्या दिवसाचा ठरलेला राउंड. परतीच्या वाटेवर, नेरूळ सोडल्यावर, मागून कार आली. चांगलं उजाडलं होतं. सायकलचा मागचा दिवा पंचनाम्याच्या वेळीसुद्धा लुकलुकत होता. रस्त्यावर ब्रेकची खूण नाही.

चालक सत्तरीला टेकलेले गृहस्थ. पळाले नाहीत, प्यायलेले नव्हते, हे आधीच सांगतो. पण जागेवर जमलेल्या लोकांना ते म्हणाले, "ऊन डोळ्यावर आलं, दिसलाच नाही." नंतरच्या जबाबात आलं की शुगर अचानक उतरली आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. त्यांच्याच सोसायटीतल्या एकाने आम्हाला सांगितलं की काही महिन्यांपूर्वी पार्किंगमध्ये असंच काहीतरी होऊन त्यांनी खांबाला गाडी ठोकली होती. ऐकीव आहे, मान्य.

गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) (निष्काळजीपणाने मृत्यू) आणि २८१ (बेदरकार गाडी चालवणं) खाली नोंदला आहे. तपास अधिकारी म्हणतात, "चक्कर आली त्याला तो तरी काय करणार? म्हातारा माणूस आहे हो." म्हणजे कागद त्याच दिशेने चाललेत. ताईला नुकसानभरपाईचा विषयसुद्धा ऐकवत नाही. तिला एवढंच कळून घ्यायचंय की या माणसाला आपल्याला असं होतं हे ठाऊक होतं का. ते तपासात आणायचं कसं? लायसन्सचे कागद आम्हाला मिळतील का?

चेनरिंग

दादा, शब्द नाहीत. आमच्या ग्रुपमधली निम्मी मुलं त्याला चेहऱ्याने ओळखायची.

एक गोष्ट लगेच लिहून ठेवा. तो वाशीच्या दिशेने येत होता ना? पाम बीच बेलापूरहून वाशीकडे साधारण वायव्येला जातो. सकाळचं ऊन त्या लेनमध्ये पाठीमागून, फार तर उजव्या अंगाने येतं. डोळ्यावर येतं ते बेलापूरकडे जाणाऱ्यांच्या. त्याच लेनमध्ये त्याच वेळेला उभं राहून फोटो काढा, तारीख-वेळेसकट.

दुसरं, त्याच्या हँडलवरचा सायकल कॉम्प्युटर कुठे आहे? त्यात जवळजवळ सेकंदासेकंदाला जागा आणि वेग नोंदलेला असतो. तो सरळ रेषेत कडेने चालला होता की आत आला होता, याचा अंदाज त्यावरून येतो. उद्या समोरचा वकील "मुलगा अचानक मध्ये आला" म्हणणारच. घरी असेल तर चालू करून बघत बसू नका, सिंक करू नका, पोलिसांकडे पंचनामा करून द्या. आणि सीसीटीव्हीसाठी आजच लेखी अर्ज द्या. फुटेज काही दिवसांत पुसलं जातं, तोंडी सांगून कोणी ठेवत नाही.

कळवेकर

कॉम्प्युटर ताईच्या कपाटात आहे. हॉस्पिटलने कपड्यांच्या पिशवीत घालून दिला होता. काच तडकलीय, बाकी धड दिसतो. तिने हात लावलेला नाही, आता मीही लावत नाही. उन्हाचं आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

स्टेथो

मी फिजिशियन आहे, कायद्यातलं सांगणार नाही.

शुगर उतरण्याचं जे सांगितलंय ते पडताळता येतं. अपघातानंतर त्या गृहस्थांना कुठल्या तरी दवाखान्यात नेलं असेलच. तिथल्या केसपेपरवर पहिली शुगर किती लिहिलीय ते बघायला हवं. साधारणपणे ७० च्या खाली गेली की घाम, थरथर सुरू होते आणि ५४ च्या खाली माणूस गोंधळतो. केसपेपरवर १८० असेल आणि मधल्या वेळात ग्लुकोज दिल्याची नोंद नसेल, तर त्या कथेत फारसा दम राहत नाही. खरंच ४५ असेल तर पुढचा प्रश्न येतो: इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी शुगर उतरवणारी गोळी घेऊन, काही न खाता सकाळी गाडी काढली का? ही औषधं लिहून देताना उपाशी राहू नका, असं आम्ही पेशंटला बजावतोच. आधी असे झटके आले असतील तर त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांच्या कागदावर आणि घरातल्या ग्लुकोमीटरच्या मेमरीत ते सापडतील. हे सगळं तुम्हाला कोणी देणार नाही, देऊही नये. पोलिसांनी मागितलं तर द्यावं लागतं.

पांढरेकेस

दुःख समजू शकतो. पण एक बोलू? माझं वय ७२. या धाग्याचा सूर हळूहळू "म्हाताऱ्यांची लायसन्सं काढून घ्या" असा होतोय. पाम बीचवर रात्री मोटारी उडवणारी विशीतली पोरं दिसत नाहीत का कुणाला?

कळवेकर

काका, वयाला मी कुठेच दोष दिलेला नाही. वय तपास अधिकाऱ्यांनी काढलं, तेही सूट द्यायला.

अशीलमित्र

मोटार अपघाताचीच कामं करतो, म्हणून थोडं सविस्तर.

तुमच्या ताई जे विचारतायत, नेमका तोच कायद्यातला कळीचा मुद्दा आहे. पहिल्यांदाच, काही पूर्वसूचना नसताना शुद्ध गेली तर निष्काळजीपणा सिद्ध करणं कठीण जातं. आधी असं झालंय, डॉक्टरांनी बजावलंय, तरी गाडी काढली, तर निष्काळजीपणा चावी फिरवली तिथेच सुरू होतो. मग "चक्कर आली" हा बचाव उरत नाही, तो त्यांच्या अंगावर उलटतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८६ मध्ये नेमकं हेच आहे: आपल्या आजारामुळे लोकांना धोका आहे हे ठाऊक असताना गाडी चालवणं. दंड पहिल्या वेळी फक्त १००० रुपयांपर्यंत, हसू येईल असा. पण ते कलम लागलं की "ठाऊक होतं का" हा प्रश्न अधिकृतपणे तपासात येतो, आणि १०६(१) ची शिक्षा पाच वर्षांपर्यंत आहे.

लायसन्सचं म्हणाल तर फॉर्म १ मध्ये अर्जदार स्वतः सहीनिशी सांगतो की फिट येणं (अपस्मार), किंवा कोणत्याही कारणाने अचानक शुद्ध हरपणं वा चक्कर येणं, असा त्रास आहे की नाही. चाळिशीनंतर त्याला डॉक्टरचा फॉर्म १ए जोडावा लागतो. २५ मीटरवरून नंबरप्लेट वाचता येते का, रातांधळेपणा आहे का, हे त्यात येतं. (तो फॉर्म आरटीओच्या बाहेर माणसाकडे न बघता किती सहज मिळतो, ते आपल्यापैकी कुणाला नवीन नाही.) पंचावन्नच्या पुढे नूतनीकरण पाच-पाच वर्षांचं. तेव्हा यांनी शेवटचा फॉर्म कधी भरला आणि त्यात "नाही" लिहिलं का, ते बघायचं. माहिती अधिकारात मागितलंत तर खाजगी माहिती म्हणून बहुधा नकार येईल, त्यात वेळ घालवू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली पोलीस ठाण्याचे प्रभारी अधिकारी ते कागद आणि हॉस्पिटलचे कागद दोन्ही मागवू शकतात. तसा लेखी अर्ज द्या, पोच घ्या, एक प्रत वरिष्ठांना. वारस या नात्याने ताई कायद्याने "पीडित" आहेत. एफआयआरची प्रत फुकट मिळते आणि ९० दिवसांच्या आत तपासाची प्रगती कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. अर्जाला दाद नाही मिळाली तर त्याच संहितेच्या कलम १७५(३) खाली दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.

वेगळा अर्ज आरटीओला: मोटार वाहन कायद्याचं कलम १६. आजारामुळे चालक अयोग्य असल्याचं मानायला सबळ कारण असेल तर ते नव्याने वैद्यकीय दाखला मागू शकतात किंवा लायसन्स रद्द करू शकतात. त्याला खटल्याच्या निकालाची वाट बघावी लागत नाही.

आणि भरपाईचा दावा टाळू नका. दाव्याला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे, हा नियम १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. तुम्ही ठाणे जिल्ह्यातलेच, ठाण्याच्या न्यायाधिकरणात दाखल करता येईल. ताईंना पैसे नको असतील तर नंतर काय करायचं ते त्या ठरवतील. पण तिथे विमा कंपनी स्वतःच्या गरजेपोटी लायसन्स खणून काढते आणि चालकाची उलटतपासणी होऊ शकते.

चेनरिंग

वरच्या मुद्द्यावरून आठवलं. अमेरिकेत कोलोराडोत २९ जुलै २०२३ ला मॅग्नस व्हाइट गेला. तोही १७ चाच, राष्ट्रीय संघातला, ग्लासगोच्या जागतिक स्पर्धेची तयारी करत होता. चालक बाई आधी म्हणाल्या स्टिअरिंगमध्ये बिघाड झाला. तपासणीत गाडीत दोष निघाला नाही. रात्रभर जागरण करून त्यांना चाकावर झोप लागली, असं सरकारी पक्षाने मांडलं. एप्रिल २०२५ मध्ये ज्युरीने दोषी धरलं, पुढे चार वर्षांची शिक्षा झाली. तिथेही झोप लागली हा गुन्हा नव्हता, तशा अवस्थेत गाडी काढली हा होता.

पांढरेकेस

अशीलमित्र यांचं पटलं. कळवेकर, मघाशी चिडून लिहिलं. माझाच शेवटचा फॉर्म १ए दोन मिनिटांत सही होऊन आला होता, बीपीसुद्धा बघितलं नव्हतं. सोसायटीतल्या त्या माणसाने जबाब द्यायला हवा. शेजारधर्म आड येतो, लोक कचरतात. तुम्ही स्वतः त्याच्या मागे लागू नका, साक्षीदार पढवला म्हणतील. अर्जात नाव लिहा आणि पोलिसांना बोलावू द्या.

कळवेकर

सगळ्यांचे आभार. आज संध्याकाळी ताईकडे बसून तीन अर्ज लिहितो: पोलीस ठाणं, आरटीओ, सीसीटीव्ही. फोटोला रविवारी सकाळी चेनरिंगच्या ग्रुपमधले दोघं येतायत.

अशीलमित्र, एक शंका राहिली. जागेवरचं "ऊन डोळ्यावर आलं" हे ज्यांनी ऐकलं त्यात एक दूधवाला आणि एक पहाटे चालायला येणाऱ्या बाई आहेत. दोघांचेही जबाब अजून घेतलेले नाहीत. त्यांची नावं पोलिसांच्या अर्जातच घालू की वेगळं पत्र देऊ?

अशीलमित्र

त्याच अर्जात, पहिल्याच परिच्छेदात. मसुदा झाला की व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, सही करण्याआधी बघून देतो.